बाटलीतली राणी आणि इतर प्रश्न

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की माझा फोन वाजायला लागतो, आणि मिरगाचा पाऊस पडून गेला की पत्रं वाढतात. या खेपेच्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. नावं गाळली, गावं ठेवली, कारण उत्तर बरंचसं गावावर अवलंबून असतं. खाडीकाठचं घर आणि घाटाच्या पायथ्याचं घर यांची दुखणी एक नसतात. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकले आणि आता खारेपाटणपासून सावंतवाडीपर्यंत लोकांच्या घरांतली वाळवी आणि लाकडाची इतर दुखणी तपासते. औषध मी विकत नाही आणि मारतही नाही. त्यामुळे ‘घरात काही नाही, पैसे घालवू नका’ असं सांगायला मला जड जात नाही.

*आमचं घर कणकवलीजवळ आहे. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. आम्ही डोंबिवलीला राहतो, घर उघडतं ते गणपतीत आणि मे महिन्यात. यंदा कुलूप काढलं तर माजघराच्या भिंतीवरून मातीच्या रेघा थेट वाशापर्यंत गेलेल्या. एका कंपनीने ‘दहा वर्षांची गॅरंटी’ म्हणून फवारणीचा मोठा आकडा सांगितला आहे. सही करू का?*

सही आठवडाभर थांबवा. वाळवीने वर्षभर खाल्लं आहे, आणखी आठ दिवसांत घर खाली येत नाही. तेवढ्यात स्वतः घर फिरून बघा. चांगला टॉर्च, एक स्क्रू ड्रायव्हर आणि खडू एवढं पुरतं.

सुरुवात बाहेरून करा. बहुतेक जण माजघरात रेघेसमोर उभे राहतात आणि ‘इथे मारा’ म्हणून बोट दाखवतात. रेघ म्हणजे वाळवीचा रस्ता. तिचं अंग मऊ, उघड्या हवेत ती सुकून मरते, म्हणून माती लाळेत कालवून भुयार बांधत ती चढते. हा रस्ता जमिनीतून कुठे निघाला ते कळल्याशिवाय वरच्या टोकाला फवारणं म्हणजे पैसे भिंतीला फासणं. घराला एक फेरी मारा, नजर जोत्यावर ठेवून. भिंतीला टेकून सरपण रचलंय का? सोडणं (नारळाची सालं), झावळ्या, काढलेल्या जुन्या रिपा मागच्या पडवीत मातीवरच पडल्यात का? पागोळ्यांचं पाणी उडून जोत्याचा चिरा हिरवा झालाय का? चिऱ्यांचे सांधे मातीचे असतील तर वाळवी भिंतीच्या पोटातून वर जाते आणि बाहेर काहीच दिसत नाही. त्यामुळे ज्या भिंतीवर रेघ नाही तीही सोडू नका.

मग आत या. आत आल्यावर मला सगळ्यांत आधी बघायचा असतो तो खांबाचा पाय. (माणसं आधी चहा पुढे करतात. मी चहा नंतर घेते, माळ्यावर उजेड असेपर्यंतच चढलेलं बरं.) जुन्या घरात लाकडी खांब तळखड्यावर उभा असायचा. दगड जमिनीच्या चार बोटं वर, त्यावर लाकूड. ओल दगडाशी थांबायची, आणि वाळवीला वर यायचं तर दगडाच्या अंगावरून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर यावं लागायचं. मग शेणाच्या जमिनी गेल्या नि टाइल्स आल्या. जुनी जमीन न खणता तिच्यावरच भर घालून टाइल्स बसवल्या की तळखडा बुडतो आणि लाकडाचा पाय सिमेंटमध्ये गाडला जातो. वरून चकचकीत स्कर्टिंग. माझ्या पाहण्यात जे खांब गेले त्यांतले बहुतेक असेच गेले. मिस्त्रीला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

देवगडकडच्या एका घरात ओटीच्या खांबाला दर गणपतीला ऑइल पेंट लागत होता. दिसायला झकास. मी अंगठ्याने जरा दाबलं तर रंगाचा पापुद्रा आत गेला. आतलं लाकूड संपलेलं. मऊ भाग खाऊन वर्षं मोजायच्या कड्या तेवढ्या पातळ पत्र्यांसारख्या उभ्या ठेवलेल्या, आणि मधल्या फटींत माती भरलेली. कान लावला तर आत बारीक टकटक. कुणी हात लावला की शिपाई वाळव्या डोकं लाकडावर आपटतात, त्याचा तो आवाज. घरमालकांना ऐकवला तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. वरचा वासा कशावर उभा होता, तर सवयीवर.

तुम्हीही प्रत्येक खांब, चौकट, उंबरा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाजवून बघा. भरीव लाकूड ठणकतं, पोकळ लाकूड भदभद वाजतं. शंका आली तिथे टोक टेकवून हलका जोर द्या. चांगल्या लाकडात ते शिरत नाही. जागेवर खडूने खूण करा. रेघ सापडली की सगळी खरवडून काढू नका. मधलीच बोटभर फोडा आणि दोन-तीन दिवसांनी बघा. तुटलेला तुकडा ओल्या मातीने पुन्हा सांधला असेल तर वाळवी आत कामावर आहे. सांधला नसेल तर तिने दुसरी वाट धरली असेल, म्हणून बाकीच्या खुणा पुन्हा तपासा.

माळ्यावर कौलांखालून टॉर्च मारताना काळे डाग शोधा. माकडांनी फोडलेलं किंवा सरकलेलं एकच कौल पुरतं. चार महिने तिथून गळतं, वासा भिंतीला टेकतो ती जागा ओली राहते आणि वाळवी नेमकी तिथे जाते. शाकारणीच्या वेळी गडी वर असतोच, त्यालाच प्रत्येक वाशाचं टोक टोचायला सांगा.

आता कंपनी. उभ्या असलेल्या घरावरच्या वाळवी-उपायांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, भाग ३. पक्क्या जमिनीत भिंतीच्या कडेने १२ मिलिमीटरची भोकं, ३०० मिलिमीटरच्या अंतराने, आणि प्रत्येक भोकात जिरेल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर द्रावण. तुमचं माजघर दहा बाय तेराचं, म्हणजे साधारण तीन मीटर बाय चार मीटर धरू. चारी भिंती मिळून चौदा मीटर, म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस भोकं आणि तितकेच लिटर. एका खोलीला. पाठीवर पंप बांधून आलेला माणूस अख्खं घर अर्ध्या तासात आटोपून निघाला तर हिशेब तुम्हीच करा. भिंतीवर आणि लाकडावर वरवर फवारलेलं औषध दिसतं छान, वासही येतो, पण वाळवी जमिनीत असते.

सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर मागा. औषधाचं नाव आणि प्रमाण. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिली पडतं, आणि डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. भोकं कुठे पडणार त्याचा हाताने काढलेला का होईना, नकाशा. कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना. आणि गॅरंटी कशाची? बहुतेक गॅरंटी पुन्हा येऊन औषध मारण्याची असते, खाल्लेल्या वाशाची कुणी देत नाही. शिवाय ‘दरवर्षी तपासणी करून घेतल्यास’ अशी बारीक ओळ असते. तुमचं घर बंद. कंपनीचा माणूस येणार, कुलूप बघून परत जाणार आणि गॅरंटी तिथेच संपणार. किल्ली शेजारी ठेवा आणि महिन्यातून एकदा दारं-खिडक्या उघडायला सांगा. कोंदट घर वाळवीच्या सोयीचं असतं.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगते. विहीर घराला लागून असेल तर त्या बाजूला जमिनीत औषध सोडू देऊ नका. जांभा सच्छिद्र, त्याला भेगा, पाणी कुठून कुठे जाईल याचा भरवसा नाही. त्या बाजूचं सरपण हलवा, पाण्याला वाट काढा, जोतं उघडं आणि कोरडं ठेवा.

*एक माणूस दारावर आला. म्हणाला, राणी काढल्याशिवाय वाळवी जात नाही. जोत्याच्या कोपऱ्यात खणून त्याने जाडजूड पांढरी राणी काढली, बाटलीत घालून दाखवली आणि पाच हजार रुपये घेऊन गेला. दोन महिन्यांत वाळवी पुन्हा आली. राणी दोन होत्या का? (संगमेश्वर)*

तुम्ही बाटलीचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. ती हुमणी आहे. भुंगेऱ्याची अळी. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोकं, पुढच्या बाजूला पायांच्या तीन जोड्या. शेणखताच्या खड्ड्यात पसाभर मिळतील, आणि अशा माणसाच्या पिशवीत एखादी असतेच.

वाळवीची खरी राणी पाहिलीत तर विसरणार नाही. डोकं आणि छाती साध्या वाळवीहून थोडी मोठी, तपकिरी, आणि मागे बोटाएवढं फुगलेलं पोट, त्यावर आडव्या गडद पट्ट्या. तिला जागचं हलताही येत नाही. ती मातीच्या घट्ट कोठडीत असते, आणि ती कोठडी तुमच्या जोत्याच्या कोपऱ्यात पहारीच्या दुसऱ्या घावाला लागेल ही शक्यता जवळजवळ नाही. घरात शिरलेल्या वाळवीचं वस्तीठाण घराबाहेर लांबही असू शकतं. काही जातींत राणी गेली तर वसाहतीतल्याच दुसऱ्या माद्या तिची जागा घेतात. पाच हजार गेले ते गेले. त्याने खणलेला खड्डा मात्र बुजवून नीट ठोका, नाहीतर पावसाचं पाणी जोत्यात शिरेल आणि ते नुकसान खरं असेल.

*पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा, सकाळी पंखांचा नुसता केर. मुंग्या की वाळवी? (वेंगुर्ला)*

केरातले चार पंख ताटलीत घ्या. चारही सारख्या लांबीचे असतील तर वाळवी. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. किडा सापडला तर कंबर बघा. मुंगीची कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या. वाळवीला कंबरच नाही, मिशा सरळ आणि मण्यांच्या.

बाहेरून दिव्याकडे आले असतील तर दिवा मालवा आणि जेवून घ्या. बेडूक, पाली नि कावळे त्यातले बहुतेक संपवतात. भिंतीच्या फटीतून किंवा चौकटीमागून बाहेर पडताना दिसले तर मात्र वसाहत घराला भिडलेली आहे. त्या फटीला खूण करा, पाऊस ओसरल्यावर तिथून तपासणी सुरू करा. रॉकेल ओतू नका. जेवढ्यांना लागेल तेवढे मरतील, बाकीच्यांना काही होणार नाही आणि चौकट मात्र ठिणगीची वाट बघत राहील.

*पडवीच्या वाशांना बोट जाईल एवढी गोल भोकं, खाली भुसा, आणि मोठा काळा भुंगा गुणगुणत फिरतो. (राजापूर)*

हा लाकूड खात नाही. सुतारभुंगा म्हणतात तो हाच, खरं तर एक प्रकारची मधमाशी. मादी वाशात बोगदा करून आत अंडी घालते. तिला न रंगवलेलं, उन्हाने करडं पडलेलं लाकूड आवडतं. एखाद-दुसऱ्या भोकाने वासा मोडत नाही. दरवर्षी तोच वासा पोखरला तर पिल्लं उडून गेल्यावर भोकात लाकडी खुंटी ठोका आणि वासे रंगवा. मारू नका, तुमच्या परसातल्या भोपळ्यांना तिचा उपयोग आहे.

*माझ्या आजेसासूबाईंची शिसवी आरामखुर्ची आहे. तिच्याखाली रोज बारीक रवाळ दाणे पडतात. पुसले की दोन दिवसांत पुन्हा. मातीची रेघ कुठेच नाही. दुसऱ्या खोलीत नवा सोफा आहे, त्याच्याखाली मात्र पिठासारखी पूड. दोन्हीला एकच औषध चालेल का? (मालवण)*

नाही, काकू, कारण दोन्ही वेगळे पाहुणे आहेत.

खुर्चीखालचे दाणे चिमटीत घेऊन चोळा. कडक, वाळूसारखे लागतात? भिंगाखाली बघितलेत तर प्रत्येक दाण्याला सहा कडा दिसतील. ही सुक्या लाकडातली वाळवी. तिला जमिनीची गरज नाही, मातीची गरज नाही, लाकडात असलेल्या ओलाव्यावर तिचं भागतं. वसाहत लहान, कामही सावकाश, पण सगळं लाकडाच्या पोटात. पडतात ते दाणे तिची विष्ठा आहे, आणि लाकडाला ठेवलेल्या बारीक छिद्रातून ती बाहेर लोटते. घराच्या जमिनीत भोकं पाडून औषध भरलंत तरी या खुर्चीला त्याचा काडीचा उपयोग नाही, हे कुणी गळ्यात मारायला आलं तर लक्षात ठेवा.

खुर्ची भिंतीपासून आणि इतर फर्निचरपासून लांब ठेवा. खाली काळा कागद पसरा, दाणे कुठल्या पायाखाली किंवा हाताखाली पडतात ते आठवडाभर बघा. तेवढाच भाग दुखावलेला असेल तर जुन्या वळणाचा सुतार तो तुकडा बदलून देतो, आणि शिसव असेल तर मी आधी तेच करेन. बदलणं नको असेल तर परवानाधारक माणसाकडून त्या छिद्रांतूनच सुईने औषध सोडून घ्या. शिसवीचा काळा गाभा सहसा ती खात नाही. खुर्चीच्या कडेला किंवा मागच्या पट्टीत फिकट लाकूड जोडलेलं असेल, बघा.

सोफ्याखालची पूड टाल्कम पावडरसारखी मऊ असेल तर तो भुंगेरा. त्याची अळी पिठूळ अंश असलेलं फिकट लाकूड खाते. रबरवुड, आंबा आणि सागाचा बाहेरचा पांढरा भाग त्यात आला. बांबूलाही त्याचेच भाऊबंद लागतात. नव्या फर्निचरमधून तो घरात येतो, कारण अंडी वखारीतच घातलेली असतात. सोफ्याच्या छिद्रांभोवती पेन्सिलने गोल करा. महिनाभरात गोलाबाहेर नवी छिद्रं आली तर दुकानदाराकडे जा, फोटो आणि पावती घेऊन. नवी आली नाहीत तर किडा बहुतेक आधीच उडून गेला आहे. मग उघडं लाकूड पॉलिशने सगळीकडून बंद करा, आतली बाजू आणि तळसुद्धा. बंद झालेल्या लाकडावर मादी अंडी घालत नाही. सुतार दिसणारी बाजू पॉलिश करतात आणि तळ कोरा ठेवतात, भुंगेरा तिथूनच शिरतो.

*ताई, आमच्या मांगराच्या (शेतघराच्या) मागे मोठा वारूळ आसा. लोक त्येका सातेरीचा म्हणतत. बायको म्हणता, तेच्यातलीच वाळवी घरात येता. पोरगो म्हणता, जेसीबीन काढून टाकूया. माका तां करूचा नाय. तुमीच सांगा. (कुडाळ)*

काका, जेसीबी आणू नका. आणि हे मी सातेरीदेवीच्या धाकाने सांगत नाही, जरी आमच्याही गावात वारुळासमोरून जाताना चपला काढतात.

वारुळाचा वर दिसतो तो भाग थोडा, खरं घर जमिनीखाली. वरचा डोंगर उडवला तर वाळवी तो परत बांधते. त्यात ती बुरशीची शेती करते. पालापाचोळा आणि सुकलेलं लाकूड आणून त्यावर बुरशी वाढवते आणि ती खाते. पावसात वारुळावर जी अळंबी उगवते आणि जिच्यासाठी तुमच्या घरात भांडणं होत असतील, ती त्याच बुरशीची. म्हणून वारुळात औषध ओतायचा विचारही पोराच्या मनातून काढा. ओतायचं वर, आणि पहिल्या पावसात तिथलीच अळंबी तोडून कालवण करायचं, हे चालायचं नाही. शिवाय सोडलेल्या पोकळ्यांत नाग राहतो, हे कुडाळच्या माणसाला मी सांगायला नको.

आता वहिनींचा मुद्दा. ती वाळवी घरात येऊ शकते, पण येते आहे का ते बघायला हवं. मांगर आणि घर यांच्यामधली जोत्याची बाजू तपासा. तिकडून एकही रेघ वर गेलेली नसेल आणि रेघा न्हाणीच्या बाजूला असतील, तर वारूळ निर्दोष. घरं पोखरणाऱ्या काही जाती वारूळ बांधतच नाहीत, त्यांचा बाहेर मागमूस नसतो. रेघा मांगराकडूनच असतील तर मधला पट्टा साफ ठेवा, तिथे पातेरा (पालापाचोळा), कवळ (तोडलेल्या डहाळ्या), फोडलेली लाकडं काहीही नको. सरपण चिऱ्यांवर, जमिनीपासून हातभर उंच रचा. मांगरात मेढी (लाकडी खांब) मातीत पुरलेल्या असतील तर त्या जाणारच, त्यांच्याखाली सिमेंटचा ठोकळा घ्या. वारुळाला हळदकुंकू चालू द्या.

*रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. बाथरूमची लाकडी चौकट खालून खाल्ली आहे. दोनदा वाळवीचं औषध मारून घेतलं, तरी खालचा भाग तुटून हातात येतो. तिसऱ्या मजल्यावर वाळवी चढते तरी कशी?*

चढते. पाइपांच्या डक्टमधून, वायरिंगच्या नळ्यांतून, चौकटीमागच्या पोकळीतून. सतत गळती असेल तर काही जाती वरच्या मजल्यावर भिंतीतच ठाण मांडतात आणि जमिनीकडे वळूनही बघत नाहीत.

पण तुमच्या चौकटीला वाळवी लागलेली नाही. फोटोत लाकूड तपकिरी झालंय आणि आडव्या-उभ्या भेगांनी चौकोनी ठोकळे सुटलेत. माती नाही, भुयार नाही. ही बुरशी. ती लाकडातला पांढरा, ताकदीचा अंश खाते आणि तपकिरी भुसभुशीत सांगाडा ठेवते. (दुसऱ्या प्रकारची बुरशी लाकूड फिकट आणि दोऱ्या-दोऱ्यांचं करते. फणसाच्या जुन्या फळ्यांत मी ती पाहिली आहे.) बुरशीला लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल लागते, तीही टिकून. तेवढी ओल मिळाली नाही तर ती वाढत नाही. दोनदा मारलेलं कीटकनाशक तिच्यासाठी नव्हतंच.

तेव्हा ओल शोधा. टाइल आणि चौकट यांच्यामधला सांधा उघडा आहे का? बाथरूमचा उतार दाराकडे आहे का? शॉवरचं पाणी थेट चौकटीवर येतं का? भिंतीतला पाइप गळत असेल तर खालच्या शेजाऱ्यांच्या छतावर डाग असेल, त्यांना विचारा. त्यांनी ते सांगितलं नसेल तर ते बहुतेक सोसायटीच्या मीटिंगची वाट बघतायत. गळती थांबवा, मग कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून काढा. बाथरूमला मी पुन्हा लाकूड लावणार नाही, ग्रॅनाइटची चौकट बसवा. लाकूडच हवं असेल तर जमिनीपासून वीतभर ग्रॅनाइट आणि त्यावर लाकूड. नवं लाकूड लावायच्या आधी भिंत पूर्ण सुकू द्या. कोकणात हे काम जुलैत होत नाही.

*गुहागरला होम-स्टे बांधतोय. मिस्त्री म्हणतात साग वापरला की वाळवीचं नाव नको, पायात औषधाची गरज नाही. इंजिन ऑइल फासलं की झालं.*

सागाचा गाभा वाळवीला नकोसा असतो, हे खरं. पण हल्ली मिळतो तो लागवडीचा, कमी वयाचा साग. त्याच्या फळीला एका कडेला पांढरा पट्टा असतो, कधी कधी दोन्ही कडांना. तो पट्टा कुठल्याही साध्या लाकडाइतकाच कच्चा. वखारीत फळी निवडताना पॉलिश किंवा तेल लावलेली घेऊच नका, कोरी बघा. ऐन, किंजळ, फणस यांनाही हाच नियम, गाभा घ्या. आंबा सेंट्रिंगला ठीक, घरात नको.

पायातलं औषध आत्ताच होतं, जमीन झाल्यावर नाही. आयएस ६३१३ च्या भाग २ मध्ये जोत्याच्या भरावाच्या वरच्या पृष्ठभागाला दर चौरस मीटरला पाच लिटर द्रावण सांगितलं आहे. ऐंशी चौरस मीटरच्या जोत्याला चारशे लिटर झाले. याशिवाय पायाच्या चरांचं आणि भिंतीच्या कडेच्या भरावाचं वेगळं. ओल्याचिक्क मातीत ते जिरत नाही, म्हणून पाऊस थांबल्यावर करा आणि केल्यावर ती माती पुन्हा उकरू नका. त्याआधी स्वतः उभं राहून भराव बघा. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट, तोडलेल्या झाडाची मुळं जोत्यात गाडून टाकायची पद्धत आहे. वाळवीला घराखाली जेवण वाढून ठेवायचं आणि मग तिला हाकलायला माणूस लावायचा.

इंजिन ऑइलने लाकूड काळं होतं आणि पाहुण्यांचे कपडेही. कुंपणाच्या खांबाला लावायचं तर लावा.

*माझी लाकडी होडी आहे, विजयदुर्ग खाडीत. तळाच्या फळीला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आहेत, पण फोडली तर आत बोटाएवढे बोगदे, पांढरा चुना लावल्यासारखे. वाळवी खाऱ्या पाण्यात जगते का?*

नाही जगत. हा किडाही नव्हे, शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. लांब अळीसारखं अंग, आणि डोक्याशी दोन छोट्या शिंपल्या, त्यांनी तो लाकूड कातरतो. लहानपणी बारीक छिद्रातून शिरतो आणि आत वाढतो, म्हणून बाहेर छिद्र टाचणीएवढं आणि आत बोगदा. पांढरा थर त्यानेच पाझरवलेला चुना. खारं पाणी त्याला हवंच. पाण्याबाहेर तो भोकाला आतून बूच लावून काही आठवडे तग धरतो, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना होडी किनाऱ्यावर पूर्ण वर घेतलीत तर तेवढा काळ त्याला निभत नाही. गोडं पाणीही त्याला मारतं.

पण मेलेला प्राणी फळी भरून देत नाही. ऑगस्टमध्ये होडी उतरवण्याआधी तळाची प्रत्येक फळी टोच्याने टोचत जा, विशेषतः कण्याजवळची आणि रंग उडालेली. टोचा शिरला तिथली फळी बदलल्याशिवाय वरून रंग किंवा फायबर चढवू नका, आत काय उरलंय ते मग कुणालाच दिसणार नाही.